कुठलं ॲप ठेवायचं, कुठलं काढायचं? गीतेतली एक मोजपट्टी



आजचा अभ्यास : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९.
विषय : सुखाचे तीन प्रकार.

सकाळच्या डहाणू-विरार लोकलमध्ये आमचा एक छोटा भजनाचा ग्रुप आहे. मी बोईसरला चढतो, कुणी उमरोळीला, बाकीचे पालघरला. टाळांचे दोनच जोड, पण विरार येईपर्यंतचा पाऊण-एक तास छान जातो. गेल्या आठवड्यात ग्रुपमधला सगळ्यात धाकटा माझ्या शेजारी येऊन बसला. तेवीस वर्षांचा आहे, वसईला नवीनच नोकरीला लागलाय.

"दादा, एकादशीपासून इन्स्टा काढून टाकतोय. फेसबुक पण. व्हॉट्सॲपचं काय करू? ऑफिसचं काम त्याच्यावरच चालतं."

मी म्हटलं, "अरे, मागच्या एकादशीला पण काढलं होतंस ना?"

तो हसला. "हो दादा. द्वादशीला परत टाकलं."

उपवास सोडल्यासारखं! आम्ही दोघंही हसलो, पण त्याचा प्रश्न खरा होता. माझाही तोच होता. फोनमध्ये सात-आठ ठिकाणं आहेत, प्रत्येकाला वेळ हवाय, आणि दिवस तर चोवीस तासांचाच. यातलं कुणाला किती द्यायचं? त्यासाठी आज हे चार श्लोक घेऊ.

श्लोक काय सांगतात?

अठराव्या अध्यायात भगवंत एकेक गोष्ट घेऊन तिचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगतात. ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती असं करत करत ते शेवटी सुखावर येतात. त्या तीन सुखांचा माझ्या शब्दांत सारांश असा :

सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं वाटतं आणि शेवटी अमृतासारखं होतं. पहाटे उठणं, पखवाज शिकणं, नवीन भाषा शिकणं, सगळं यात बसतं. पहिले पंधरा दिवस जीव नको होतो, नंतर त्याशिवाय करमत नाही.

राजस सुख इंद्रियं आणि विषय यांच्या भेटीतून येतं. सुरुवातीला अमृत, शेवटी विष.

तामस सुख झोप, आळस आणि बेसावधपणा यांतून येतं. ते सुरुवातीलाही भुलवतं आणि शेवटीही. त्यात आपण काय करतोय तेच कळत नाही.

आता एक गोष्ट नीट बघा. भगवंतांनी इथे चांगल्या आणि वाईट वस्तूंची यादी दिलेली नाही. सुख ओळखायचं ते त्याच्या सुरुवातीवरून आणि शेवटावरून. आजची मोजपट्टी हीच. ॲप उघडताना कसं वाटतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. ते बंद केल्यावर हातात काय उरतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतच नाही.

माझी सात दिवसांची वही

मी एक आठवडा साधी वही ठेवली. प्रत्येक वेळी ॲप बंद केलं की एक ओळ लिहायची : कशासाठी उघडलं होतं, किती वेळ गेला, आता कसं वाटतंय.

तिसऱ्या दिवशीच लाज वाटायला लागली. "गाडी लेट आहे का ते बघायला फोन घेतला. चाळीस मिनिटं. गाडीचं बघितलंच नाही." "रात्री अकरा वाजता इन्स्टा. कॉलेजच्या मित्राचं अमेरिकेतलं घर. उगाच चिडचिड, बायकोशी तुटक बोललो." आणि एक नोंद तर मला अजून टोचते : "बाबा हरिपाठ म्हणत होते. मी मांडीवर फोन ठेवून टाळ्या वाजवत होतो."

मित्राच्या घरात वाईट काहीच नव्हतं. त्यानं कष्ट केले, घर घेतलं. पण माझ्या हातात शेवटी उरलं ते विष. हेच राजस सुख.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून पडद्यामागची गोष्टही सांगतो. आमच्या धंद्यात डॅशबोर्डवर एक आकडा असतो : माणूस दिवसातून किती वेळा परत आला आणि किती वेळ थांबला. एक बटण लाल करून बघायचं, एक निळं करून बघायचं, ज्यानं आकडा वाढेल ते ठेवायचं. तुम्ही समाधानानं उठलात की वैतागून उठलात, हे त्या आकड्यात दिसत नाही. फीडला तळ नसतो तोही मुद्दामच. खाली सरकवत राहिलं की नवीन येत राहणारी पानांची रचना २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं केली आणि पुढे त्याचा पश्चात्ताप होतो असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. जेवणाच्या ताटाला तळ दिसतो म्हणून आपण थांबतो. इथे ताट रिकामंच होत नाही.

म्हणजे सुरुवातीचं अमृत मोजायला त्यांच्याकडे मोठमोठी यंत्रणा आहे. शेवटचं विष मोजायला आपल्याशिवाय कुणी नाही.

आपल्या पालघरची दोन पानं

इथवर फक्त वेळेचा हिशेब झाला. पण आपण पालघर जिल्ह्यात राहतो, आणि इथल्या माणसानं हा विषय फक्त वेळेपुरता ठेवणं बरोबर नाही. आपल्या मातीत या विषयाची दोन पानं लिहिली गेली आहेत.

पहिलं पान नोव्हेंबर २०१२ चं. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला, तोडफोड झाली. देशभर चर्चा झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या मुलींनी काही गुन्हा केला नव्हता. मला त्यातून दिसतं ते एवढंच : आपल्याला वाटतं आपण ओटीवर बसून बोलतोय, पण फेसबुकवर ती ओटी थेट बाजारात उघडते. आणि एक लाइकसुद्धा तिथे कृती म्हणून मोजली जाते.

दुसरं पान १६ एप्रिल २०२० च्या रात्रीचं. लॉकडाऊन होता. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे लोक फिरतायत अशी अफवा गावोगाव पसरली होती, फोनवरूनही आणि तोंडोतोंडीही. गावं रात्री पहारे देत होती. कांदिवलीहून सुरतला एका अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ पोचले. जमावानं गाडी अडवली. पोलिसांच्या समोर तिघांना मारून टाकलं.

त्यानंतर दुसरी लाट आली. या घटनेला धार्मिक रंग देणारे मेसेज देशभर फिरले. शेवटी त्या वेळच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुस्लीम नाही, असं सांगावं लागलं. पहिल्या अफवेनं तीन जीव घेतले, दुसरी आणखी जीव शोधत होती.

असं पहिल्यांदाच झालं असंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार केलं. भिक्षा मागून जगणारी माणसं ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन आणलं. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा आणखी कडक नियम जाहीर झाला. आणि दहा दिवसांच्या आत गडचिंचले घडलं. कंपनीचा नियम बोटाला थोडं अडवतो. मनाला आपल्यालाच अडवावं लागतं.

हे मी एवढ्या तपशिलात का लिहितोय? कारण त्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तसलाच एक आवाजाचा मेसेज आला होता. घाबरलेल्या बाईचा आवाज, मुलं उचलतात, सावध राहा. मी तो पूर्ण ऐकलासुद्धा नाही. मामाच्या गावच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "काळजी घ्या." मामाचं गाव वेगळ्या तालुक्यात आहे, गडचिंचल्याशी त्याचा संबंध नाही, आणि माझ्या मेसेजमुळे कुणाला इजा झाली असंही नाही. पण १७ तारखेला बातमी वाचली तेव्हा हात गार पडले. मी इंजिनिअर, गीता वाचणारा, आणि त्या साखळीतली एक कडी मीही होतो. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की मी चांगलं काम करतोय. तामस सुख असंच असतं. सुरुवातीलाही भुलवतं, शेवटीही.

म्हणून मोजपट्टीला दुसरी बाजू जोडायची. ॲप मला काय देतं, आणि त्या ॲपवर माझ्या हातून काय घडतं? सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कुणाला अस्वस्थ न करणारं असावं, खरं असावं, गोड असावं, हिताचं असावं, आणि जोडीला स्वाध्याय असावा. फॉरवर्ड करायच्या आधी हाच श्लोक लावून बघा. हे खरं आहे का, मला कसं कळलं? यानं कुणाचा जीव घाबरा होईल का? यात कुणाचं हित आहे?

आपल्याकडे याचा सराव करायला संधी भरपूर मिळते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीकडे लोक भर थंडीत तंबूत झोपले. अशा वेळी "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का बसणार" असा मेसेज आला, तर तो खोटाच समजायचा. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारं शास्त्र जगात अजून कुणाकडेच नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राबद्दल किंवा एमआयडीसीतल्या वायुगळतीबद्दल कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओचंही तसंच. तो आजचा आहे का, इथला आहे का, प्रशासन काय म्हणतंय, हे बघितल्याशिवाय बोट हलवायचं नाही. खरी सूचना असेल तर मात्र लगेच शेजाऱ्याला सांगायची. गप्प बसणं म्हणजे वाणीचं तप नव्हे.

मग सगळंच काढून टाकावं का?

२९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. एका रात्रीत एक अख्खं ठिकाण बंद झालं. आपला वेळ वाचला का? जुलैमध्येच इन्स्टाग्रामवर रील्स आले आणि आपण तिकडे गेलो. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात हेच सांगितलंय. विषय दूर केले की ते दूर जातात, पण त्यांची गोडी मागे राहते. त्याहून मोठं काही दिसलं, तरच ती गोडी सुटते.

आमच्या धाकट्याचं द्वादशीला हेच झालं. ॲप गेलं, गोडी तशीच राहिली, आणि रिकाम्या जागी ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून काढून टाकण्याआधी त्या वेळात काय करणार ते ठरवा. नामस्मरण, वाचन, आईशी गप्पा, शिवाजी उद्यानात फेरी, अगदी झोपसुद्धा चालेल.

आता माझा निर्णय सांगतो. हा माझा आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

व्हॉट्सॲप ठेवलं. घर, ऑफिस, सोसायटीचं पाणी, गाडीच्या वेळा आणि भजनाचा ग्रुप, एवढंच. बाकी बावीस ग्रुपमधून बाहेर पडलो. दोन नातेवाईक रुसले, त्यांना फोन केला, रुसवा गेला.

यूट्यूब ठेवलं. कीर्तन आणि कामाचं शिक्षण दोन्ही तिथेच मिळतं. पण सेटिंगमध्ये जाऊन बघण्याचा इतिहास बंद केला. तो बंद असला आणि जुना पुसला की पहिलं पान जवळपास कोरं येतं. हवं ते शोधायचं, बघायचं, बाहेर पडायचं.

फेसबुक फोनवरून काढलं. रविवारी लॅपटॉपवर अर्धा तास उघडतो. जुनी माणसं तिथेच भेटतात.

लिंक्डइन नोकरी शोधतानाच उघडायचं. एरवी तिथे मला दुसऱ्याचं यश आणि स्वतःची बेचैनी एवढंच मिळतं.

एक्सवर पावसाळ्यात रेल्वे आणि प्रशासनाच्या सूचना वाचतो. वाद वाचत नाही, घालत नाही.

इन्स्टाग्राम काढलं. माझ्या वहीतल्या सगळ्यात जास्त कडू ओळी त्याच्याच होत्या.

पण माझ्या ओळखीची एक ताई घोलवडच्या चिकूचे चिप्स करून विकते. तिच्या निम्म्या ऑर्डर इन्स्टावरून येतात. तिच्यासाठी ते दुकान आहे. सकाळी शटर उघडायचं, गिऱ्हाइकाशी नीट बोलायचं, संध्याकाळी बंद करायचं. तिनं माझं ऐकून इन्स्टा काढलं तर तो मूर्खपणा होईल. माझं काम वेगळं, तिचं वेगळं. म्हणून कुठलं ॲप चांगलं याची एकच यादी सगळ्यांना लागू होत नाही. मोजपट्टी मात्र सगळ्यांना तीच.

देवाचे रील्स बघितले तर?

हा प्रश्न येणारच, कारण तो माझ्याही मनात होता. विठ्ठलाचं दर्शन, वारीचे व्हिडिओ, अभंगाचे तुकडे, यात काय वाईट? वाईट काहीच नाही. पण वही काय म्हणते ते बघा. तीस सेकंद पांडुरंग, मग तीस सेकंद नाच, मग बूट, मग परत पांडुरंग. तासाभरानं मला एकही अभंग पूर्ण ऐकल्याचं आठवत नव्हतं. दर्शन झालं होतं, पण मी तिथे थांबलोच नव्हतो. विषय पवित्र असला तरी घेण्याची रीत राजस असू शकते. त्यापेक्षा एकच अभंग शोधा, पूर्ण ऐका आणि फोन खाली ठेवा.

आणि मी यातून सुटलोय असं समजू नका. मागच्या महिन्यात आजारी होतो तेव्हा तीन दिवस फोन हातातून सुटला नाही. चौथ्या दिवशी वही परत काढली. इतकंच.

आजचा गृहपाठ

सात दिवस. आत्ता काहीही डिलीट करू नका. प्रत्येक वेळी ॲप बंद केल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

१. मी कामासाठी उघडलं होतं, की त्यानं मला बोलावलं?
२. बंद केल्यावर मन शांत आहे, बेचैन आहे, की सुन्न आहे?
३. माझ्या हातून कुणापर्यंत काय गेलं? ते खरं आणि हिताचं होतं का?

आठव्या दिवशी वही वाचा. ज्या ठिकाणी बेचैन आणि सुन्न जास्त वेळा लिहिलंय, तिथला वेळ आधी निम्मा करा आणि त्या वेळात काय करणार ते शेजारी लिहा. जिथे काम आणि शांत लिहिलंय, ते ठिकाण बिनधास्त ठेवा. अपराधी वाटून घेऊ नका.

आमच्या धाकट्यानं वही आणलीय. शाळेची चौकटीची. काल त्याचा चौथा दिवस होता. पालघर गेल्यावर मला म्हणाला, "दादा, तिसऱ्या प्रश्नाला मी रोज एकच लिहितोय. काहीच पाठवलं नाही. हे चालेल का?"

म्हटलं, "चालेल रे. टाळ घे."

तुमची वही कशी चाललीय ते सातव्या दिवशी नक्की कळवा. उद्या याच अध्यायातला तेहतिसावा श्लोक घेऊ, धृतीचा. ठरवलेलं टिकवायचं कसं, ते त्यात आहे.

राम कृष्ण हरी!